फरहतची शपथ

माझा नवरा कासम कुवेतच्या सालमियात शिंपी होता. अरबांचे लांब पांढरे दिशदाशे शिवायचा. हात सोन्यासारखा, पण डोक्यात एक खूळ होतं, की आपण काझी. तसं ते खोटं नव्हतं म्हणा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात काझीपण यांच्याच घराण्यात चालत आलेलं, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून यांच्याकडे. मी म्हणायची, गावात ठीक आहे, इथे तुम्हाला कोण विचारतो? तर म्हणायचे, काझीपण काय विमानतळावर काढून ठेवायची वस्तू आहे?

कुवेतमध्ये निकाह लावायचा तर सरकारने नेमलेल्या माणसाने, तोही कोर्टात नोंदवून. घरकामाच्या पोरींना त्यासाठी कफिलाची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आलो त्या मालकाची, संमती लागायची. कोण मालक देतोय? मग अशी जोडपी कुठून कुठून ऐकून शुक्रवारी आमच्या दारात उभी राहायची. पोरं चुकीच्या वाटेला लागण्यापेक्षा निकाह झालेला बरा, असं म्हणून हे दोन साक्षीदार बसवायचे आणि निकाह लावायचे. बदल्यात चहासुद्धा घ्यायचे नाहीत. फक्त उठताना नवरानवरीला अल्लाची शपथ घालायचे, की काहीही झालं तरी काझी कोण ते सांगायचं नाही. माझं डोकं फिरायचं. एवढी भीती वाटते तर करताच कशाला?

फरहतचा निकाह अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातला. पोर आमच्याच किनाऱ्यावरची, बाप लहानपणीच गेलेला. सलव्यात एका मोठ्या घरी कामाला होती. नवरा मुलगा अरबाज तिथेच ड्रायव्हर. तिला ना भाऊ ना चुलता, म्हणून काझीच्या हक्काने हेच तिचे वली झाले, म्हणजे बापाच्या जागी उभे राहिले. मी सांदणं केली होती. माझी जुनी हिरवी ओढणी तिच्या डोक्यावर घातली, तर आरशासमोरून हलेना पोरगी. मला खाला, म्हणजे मावशी, म्हणाली. एवढ्यानेच मी विरघळले, खरं सांगते.

उन्हाळ्यात अरबाज रजेवर गावी गेला आणि तिकडेच राहिला. इकडे फरहतला दिवस गेलेले. एक दिवस ती मालकाच्या जिन्यावरून पडली. इस्पितळात लग्नाचा दाखला मागितला, तो कुठला असणार? नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं. हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या दर्शनाने सांगितलं, ती त्याच इस्पितळात नर्स होती. तिला आमचं काही ठाऊक नव्हतं. म्हणाली, तुमच्याकडचीच मुलगी आहे हो, पोलीस विचारून विचारून थकले, निकाह झालाय म्हणते, पण कुणी लावला ते सांगत नाही. काझी सापडला नाही तर बिनलग्नाचं मूल म्हणून सरळ तुरुंग.

यांनी कात्री खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. आधी अरबाजच्या घरी फोन लावला. त्याच्या आईने कसला निकाह म्हणून विचारलं आणि ठेवून दिला. साक्षीदारांपैकी एक देश सोडून गेलेला. दुसरा खैरानला श्रीमंतांच्या सुट्टीच्या बंगल्यांवर माळीकाम करायचा. टॅक्सी करून तिथवर गेलो, तर तो झाडांना पाणी घालता घालता म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही. आमच्या घरची सांदणं खाल्लेला माणूस! मी त्याला काय काय बोलले ते इथे नको. हे मात्र टॅक्सीत येऊन बसले.

परत येताना मला कळून चुकलं की आता हे स्वतः जाणार. मी रडले, भांडले, पाय धरले. आमची लैला बारावीला होती. हे गेले तर तिचं शिक्षण गेलं, घर गेलं, वर्षानुवर्षं जमवलेला संसार गेला. त्या पोरीने तुमचं नाव घेतलं नाही ना, मग तुम्ही कशाला स्वतःच्या पायाने जाता, असं मी शंभरदा विचारलं. मीच सांगते की माझ्यासमोर झाला निकाह, असंही मी म्हणून पाहिलं. तर हे म्हणाले, आपल्यात निकाहाला बाईची साक्ष धरत नाहीत, आणि तू लैलाजवळ राहा.

"मी तिच्या बापाच्या जागी उभा होतो, मुमताज," ते म्हणाले. "बापाने घरात बसून राहायचं?"

लैला दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एरवी आमच्या भानगडीत न पडणारी पोर. मला म्हणाली, "अम्मी, लेट हिम गो." मग मीही चपला घातल्या.

पोलीस ठाण्यात मी यांच्यासोबत गेले. मला बाहेर बाकावर बसवलं, पण दार उघडं होतं. यांनी सगळं सांगितलं. मी काझी, असे बरेच निकाह लावलेत, हिचाही मीच लावला, मुलगी निर्दोष आहे. साहेबाने खात्री करायला फरहतला आणवलं. दुभाष्या हैदराबादचा. त्याने आधीच बजावलं, आपसात एक शब्द बोलायचा नाही.

फरहत आत आली. पोट दिसायला लागलं होतं, चेहरा एवढासा झालेला. तिने पाहिलं तर काय, आपले काझीसाहेब खाली मान घालून बसलेत आणि दोन्ही बाजूंना पोलीस. तिला वाटलं यांना पकडून आणलंय. दुसरं काय वाटणार? हे आपणहून आलेत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुभाष्याने विचारलं, याला ओळखतेस का?

"नहीं साहब," ती म्हणाली. "इनको मैंने कभी देखा नहीं."

हे उठायला गेले. शिपायाने छातीवर हात ठेवून खाली दाबलं. तोंडातून शब्द फुटायच्या आत तिला बाहेर काढलं. माझ्यासमोरून नेताना तिने मला बघितलं आणि हळूच मान हलवली, काळजी करू नका अशी. त्या क्षणी मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दोघांनाही वाचवायला एक 'हो' पुरलं असतं असं मी तेव्हा समजत होते. पण हे तसेही सुटले नसते. परवानगीशिवाय निकाह लावतो, हे यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं. शपथेचं यांनी मागून सांगून पाहिलं, पण मुलगीच ओळखत नाही म्हणते म्हणून तिचा निकाह कोर्टाने धरला नाही, आणि इतरांचे लावले म्हणून यांना सोडलं नाही. यांना देशाबाहेर काढायचा हुकूम झाला, पुन्हा कधी पाय ठेवायचा नाही. फरहतला तुरुंग. ती शपथ यांनीच घातलेली. कोठडीच्या जाळीआडून मला म्हणाले, मीच तिचं तोंड शिवून ठेवलं गं.

आम्हाला निघायचं होतं त्याआधी मी बायकांच्या तुरुंगात गेले. खोटं कशाला बोलू, भांडायलाच गेले होते. तुझ्या एका शब्दापायी तुझीही वाट लागली आणि आमचा माणूस फुकट गेला, हे तिच्या तोंडावर सांगायचं ठरवून गेले होते.

फरहत आली ती मुलाला छातीशी धरून. आठवड्याचंही नसेल. मला बघून तिचा चेहरा उजळला. खाली बसायच्या आधीच विचारलं, "खाला, काझीसाहेब सुटले ना?"

तिच्याकडे दुसरं होतं काय? नवरा पळाला, अब्रू गेली, मूल तुरुंगात जन्माला आलं. एका भल्या माणसाला आपण वाचवलं, एवढ्यावर ती पोर उभी होती.

"हो," मी म्हणाले. "सुटले. घरी आहेत."

तिने डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. मग लाजत म्हणाली, "मग त्यांना एकदा पाठवाल? बाळाच्या कानात अजून बांग दिलेली नाही. इथे कुणी आपला पुरुष नाही. आता त्यांना भीती नाही ना?"

"आता कसली भीती," मी म्हणाले. "पण त्यांना दुकानात फार काम आहे. आण इकडे."

आमच्यात बाई बांग देत नाही. मी मूल मांडीवर घेतलं, ओढणी डोक्यावरून पुढे ओढली, म्हणजे तिला माझा चेहरा दिसू नये, आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात बांग दिली.