शंभर वर्षं मागं

दवनीवाड्याच्या चौकात घनश्यामचं पीसीओचं दुकान, आणि दर रविवारी सकाळी त्या दुकानाच्या बाकावर अंजनाबाई. अंगावर धुतलेलं पांढरं लुगडं, हातात मोकळी पिशवी. पिशवी कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "बजाराले आली होती." रविवारी दवनीवाड्यात बाजार नसतो हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ती यायची ती लेकाच्या फोनसाठी. बुद्धभूषण अमेरिकेत कंप्युटरच्या कामावर होता. तीन वर्षं झाली, लेक कानानंच भेटत होता. डोळ्यांचा उपास सुटला नव्हता.

डिसेंबरातल्या त्या रविवारी तो घाईत बोलला. "माय, पुढच्या रविवारी फोन नाही आला तं घाबरू नको. आमाले हापिसातच झोपाले लावून राहिले."

"काऊन बाबू?"

"सन दोन हजार लागून राहिला ना. जुन्या मशिनीत सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहून हायेत. दोन शून्यं आली का मशिनले वाटंल, एकोणीसशे साल लागलं. शंभर वर्षं मागं जाईल ते. मंग ब्यांका बंद, इमानं बंद, लाइट बंद. तसं होऊ नाही म्हणून आमी रातदिस मशिनी सुधरवून राहिलो."

"अन् झालंच तं?"

लेक हसला. "झालं तं घरी येतो माय. दुसरं काय करू? बांधीत नांगर धरतो."

हसत हसत बोललेलं ते वाक्य अंजनानं पदरात बांधलं. घराकडे येताना दोन्ही अंगांना कापलेल्या धानाच्या बांध्या उघड्या पडल्या होत्या. तिच्या ओठावर धानाची रोपं रोवण्याच्या वेळचं गाणं आपसूक आलं:

पऱ्हे उपटले बाई, रोवले पल्याड बांधी,
मुळाची माती धुतली, माया धुवावी कधी.

ये म्हणून तिनं लेकाला कधी म्हटलं नव्हतं. नवरा सेवकराम मरायच्या आधी सांगून गेला होता, "पंख आपणच लावले, आता पायाले दोरा बांधू नको." तो शब्द तिनं पाळला. पण मशिनीच बंद पडल्या तर? मग दोरा तिनं कुठं बांधला? लेक आपल्या पायानंच आला असता. तेव्हापासून तिच्या मनात एकच मागणं घुमू लागलं: पडू दे बंद. सारं पडू दे बंद.

दुसऱ्या दिवशी ती बकाराम पटलाच्या अंगणात उभी राहिली. तिथं धानाचं चुरणं चाललं होतं. बैल गोल फिरत होते आणि त्याची बायको धुरपताबाई सुपानं धान उधळत होती.

"पटील, तलावाखालची बांधी औंदा कोणाले देऊ नका. अर्ध्या वाट्यानं, बटईनं मी करतो."

बकारामनं बैल थांबवले. "बटईचं बोलणं चैतात होते अंजनाबाई, पुसात नाही. अन् करंल कोण? तुये गुडघे?"

"भूषण येऊन राहिला."

"कंप्युटरवाला?" धुरपता सूप धरून हसली. "त्याले बैलाचं तोंड कोणीकडं असते ते तरी याद हाय का वो?"

"याद करून देईन."

मग तिनं मशिनींची गोष्ट सांगितली, शंभर वर्षं मागं जाण्याची. बकारामला ती भलती आवडली. "जाऊ दे ना मागं," तो म्हणाला. "मी तं म्हणतो बरंच होईल. ना बिजलीचं बिल, ना युरिया. जुने दिस चांगले होते, का नाही?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, माणूस भला होता. पण अंजनाच्या पायाखालचं अंगण क्षणभर सरकलं. शंभर वर्षं मागं म्हणजे तिच्या आजीचं बाळपण. याच घराण्याच्या विहिरीपासून दहा पावलांवर रिकामी घागर घेऊन आजी उभी राहायची. कोणी वरून पाणी ओतील तर ओतील, नाही तर सूर्य माथ्यावर येईपर्यंत उभीच. तिथं ना शाळा होती, ना बुद्धविहार, ना बुद्धभूषण हे नाव.

"तुमच्यासाठी चांगले होते पटील," ती म्हणाली. बकारामला कळलं. त्यानं नजर वळवली, बैल पुन्हा हाकले आणि बोलला, "बांधी ठेवतो तुयासाठी."

बुधवारी पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात बाया जमल्या. चांद निघाला तो पांढऱ्या मातीनं ताजा सारवल्यासारखा. वंदना झाली, आणि सारे प्राणी सुखी होवोत म्हणायची वेळ आली तेव्हा अंजनाची जीभ अडखळली. ज्या बाईनं साऱ्या दुनियेचे दिवे विझावेत म्हणून मागणं मागितलं, तिनं हे कोणत्या तोंडानं म्हणावं?

शेजारच्या रुख्मानं भंतेंना विचारलं, "टीव्हीवर म्हणून राहिले, दुनिया बुडते. खरं काय हो भंते?"

भंते गोंदियाकडचेच, बोलणं रोखठोक. ते म्हणाले, "दुनिया बुडायची गोष्ट लय जुनी हाय. एक राजा होता. सारं नीट करे, पण गरिबाले द्यायचं इसरला. गरिबी वाढली, मंग चोरी वाढली. चोरीमागं तलवार आली, तलवारीमागं लबाडी. माणसाचं आयुष्य घटत घटत दहा वर्षांवर आलं. मंग सात दिवस असे आले का माणसाले माणूस जनावर दिसे, दिसला का मार. काही जण झाडीत, गवतात दडले. आठव्या दिवशी बाहेर निघाले अन् एकमेकाच्या गळ्यात पडले. म्हणे, तू जिता हायेस? मी बी जिता हाय. तिथून पुन्हा चांगलं सुरू झालं."

"पण त्यात कंप्युटर कुठं आला?" रुख्मा म्हणाली.

"कंप्युटर बनवलेला हाय. बनवलं ते मोडते. हे नाही मोडलं तं पुढं यापेक्षा मोठं बनवतीन, ते मोडंल. मशीन मोडल्यानं दुनिया नाही बुडत बाई, द्यायचं इसरल्यानं बुडते."

बाया उठल्या. अंजनाच्या मनात मात्र ती गळाभेटच राहिली होती. किती भाग्याची माणसं, तिला वाटलं, आठच दिवसांत भेटली. ती मागं थांबली.

"भंते, कोणाचं वाईट मागितलं तं?"

"कोणाचं?"

"साऱ्यायचं. पोरगा घरी यावा म्हणून."

भंते हसले नाहीत. "घरी ये असं पोराले म्हटलं का कधी?"

"नाही."

"एवढुसा शब्द त्याले द्यायचा होता, तो दिला नाही अन् साऱ्या दुनियेचं वाटोळं मागत बसली. मले काय सांगून राहिली? त्याले सांग."

मग साल बदललं. एक तारखेला सकाळी घरातला बल्ब लागला, कोंबडा आरवला, गोंदियाची एसटी नेहमीसारखी उशिरा आली. बकाराम वाटेत भेटला. "सन दोन हजार आला म्हणते, बैलायले पत्ताच नाही," म्हणाला. अंजना हसली, आणि हसता हसता तिला जाणवलं की छातीतून काही तरी निसटून गेलं. आता लेक आपसूक येणार नव्हता. पण आजीची घागर जिथं होती तिथंच मागं राहिली, याचं समाधानही त्याच छातीत होतं. दोन्ही एकाच कुशीला झोपली.

रविवारी बाकावर बसली. घनश्याम म्हणाला, "बैठो बाई, आज लाइन बहुत बिजी है." अकरा वाजता घंटी वाजली.

"माय, काहीच झालं नाही." लेकाचा आवाज थकलेला, पण आत दिवा लावल्यासारखा. "कुठं काही बंद नाही पडलं. लोक म्हणून राहिले, उगाच बोंब मारली होती. आता त्यायले कसं सांगू, काही होऊ नाही म्हणूनच तं तीन वर्षं डोळे फोडले."

"तलावाची पाळ फुटली नाही तं पाळ बांधणाऱ्याले कोण इचारते बाबू," ती म्हणाली. "लोकं धान पाहतात." मग दोरीवरून चालल्यासारखी जपून पुढं बोलली. "तुले एक सांगतो. तुयी मशीन मोडावी म्हणून मी मागून राहिली होती. तुयासाठी पटलाची बांधी बी धरून ठेवली."

 मग लेक हसू लागला, आणि ते हसू मध्येच कुठं तरी ओलं झालं. "बांधी? माय, मले नांगर येते काय?"

"नाही येत, मालूम हाय. धुरपताबाई हसली बी."

"मंग कायले?"

घनश्याम काचेपलीकडे पाठ करून बसला. अंजनानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. सेवकराम डोळ्यांपुढं आला. त्याला तिनं मनातल्या मनात म्हटलं, दोरा नाही बांधत, फक्त हाक मारतो.

"बाबू, तू ये. कामाचं नको सांगू, बांधीचं नको सांगू. मले पाहायचा हायेस तू. ये."

लाइन दूरची होती. तिचाच आवाज समुद्रापलीकडून फिरून तिच्या कानात आला: ये. परक्या बाईनं म्हटल्यासारखा, कोवळा. तिनं तो पहिल्यांदाच ऐकला आणि त्याच्या मागून लेकाचा आवाज येण्याची वाट पाहिली.

"तीन वर्षं याचीच वाट पाहून राहिलो होतो माय," लेक म्हणाला. "मले वाटे, तुले मी धाडलेल्या पैशानंच भागते."