सफरचंदाला मीठ

हळर्ण गावात सफरचंद लावणारा माणूस एकच, गोकुळदास. पंचायतीतली नोकरी संपून काही वर्षं झाली आणि त्याला ही खोड लागली. घराभोवती माड, फणस, केळी, सगळं आपसूक येणारं. पण आपसूक येतं त्यात कसली मजा, असं त्याचं म्हणणं. मग पठ्ठ्यानं थेट हिमाचलातून कमी थंडीत फळणाऱ्या जातीचं कलम मागवलं आणि विहिरीजवळ लावलं. चार वर्षांत झाड माणसाएवढं झालं, पानं हिरवीगार, पण फुलाचं नाव नाही.

"सफरचंदाला थंडीत झोप लागते. ती झोप नीट झाली तरच ते फुलतं. आपल्याकडे थंडीच नाही तर बिचारं झोपणार कधी?" हे तो सर्वेशच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून इतक्या वेळा सांगे की ऐकणाऱ्यांचे कान किटले. शेजारचा भिकाजी, सावंतवाडीकडून येऊन इथं ट्रक चालवणारा, एकदा म्हणालाही, "बाजारात मिळतत मरे सफरचंदां. कित्याक जिवाक त्रास?" गोकुळदासानं ते मनात ठेवलं. असल्या गोष्टी तो विसरत नसे.

यंदा मात्र थंडी पडली. अशी तशी नव्हे, चांगली पडली. रात्री गोधडीवर गोधडी घ्यावी लागे, पाव घेऊन येणारा पोदेर कानटोपीत गुरफटलेला, आणि म्हातारी माणसं उन्हं अंगणात येईपर्यंत बाहेर पडेनात. गोकुळदास तेवढा खुशीत. थंड मुलखात झाडाची पानं आपली आपण गळतात, इथं ती हातानं काढावी लागतात. त्यानं डिसेंबरात बसून एकूण एक पान खुडलं आणि पाणी तोडलं. सत्तरी उलटली होती. अशी थंडी आपल्या हयातीत पुन्हा येईल याचा भरवसा काय? यंदा फुललं तर फुललं, नाहीतर राहिलंच, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

हे सगळं त्यानं गावभर सांगितलं, घरात सांगायचं तेवढं राहिलं. त्याची बायको देवकी त्या झाडाला कायम 'तुमचं झाड' म्हणायची. "तुमच्या झाडाकडे बसून चहा थंड झाला," "तुमच्या झाडाला विचारा, जेवायला येणार का." तिला वाटलं, पानांना कीड लागली म्हणून हे खुडतायत. तिनं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात असं किती राहून जातं!

जानेवारीत काड्यांवरचे डोळे फुगले, फुलं येण्याची खूण. गोकुळदास रोज चष्मा लावून बघून यायचा. नेमकी तेव्हाच वाळपईला लेकीच्या, गौरवीच्या, नव्या घराची वास्तुशांत निघाली. देवकीचे गुडघे धरलेले, तिला प्रवास झेपेना. तो एकटाच गेला, दोन रात्री राहिला.

परत आला तो पिशवी खाली न ठेवता झाडाकडे गेला. आळं खणलेलं, ओलं, त्यात शेण, आणि कडेनं पांढरे खडे. त्यानं एक उचलून जिभेला लावला. मीठ! तळपायाची आग मस्तकात गेली.

भिकाजी दुकानावरच होता. चार माणसांदेखत गोकुळदासानं त्याला धारेवर धरलं. "माझं झाड तुझ्या डोळ्यांत सलत होतं. मी नाही ते बघून मीठ घातलंस!"

भिकाजीनं हातातला चहा बाकावर ठेवला. "तुमच्या झाडाक मी हात लावूक नाय. माझ्याच माडांका मीठ घालूक माका वेळ गावना नाय," एवढंच म्हणून तो उठून गेला. त्याचं तोंड मात्र उतरलं होतं.

घरी देवकी पायरीवर बसली होती. याची बडबड तिनं पुरती ऐकून घेतली. मग म्हणाली, "मीठ मी घातलं."

"तू?"

"माड मलूल झाला की घालत नाही आपण? आगरवाड्याचं जाडं मीठ होतं घरात, पाटी भरून घातलं. वर शेण, पाणी. झाडाला एक पान उरलं नव्हतं, मला वाटलं मरतंय. ते मेलं तर तुम्ही कसे राहाल, याची भीती वाटली मला." आणि तिला रडू आलं. गुडघे धरलेल्या बाईनं आळं खणलं होतं.

आता हिच्यावर काय ओरडणार? गोकुळदासानं पंप लावला आणि आळ्यातून पाणी वाहू दिलं, अंधार पडेपर्यंत. उपयोग झाला नाही. फुगलेले डोळे काळे पडले, मग काड्या वाळल्या. नखानं साल खरवडली तर आत तपकिरी. तो आठ दिवस दुकानाकडे फिरकला नाही. झाड गेल्याचं दुःख होतंच, पण भिकाजीचं उतरलेलं तोंड त्याला जास्त छळत होतं. आणि खरं सांगायचं तर बायकोचं नाव चारचौघांत घ्यावं लागणार होतं.

नवव्या दिवशी गेला. भिकाजी होता, सर्वेश होता, नेहमीची मंडळी होती.

"भिकाजी, चुकलो मी. मीठ मीच घातलं होतं. जायच्या गडबडीत घातलं आणि विसरलो."

मग बाकावर जे हसू फुटलं ते आवरेना. चार वर्षं सफरचंदाची शाळा घेणारा मास्तर, आणि त्यानं माडासारखं मीठ घातलं! गोकुळदास मान खाली घालून बसून राहिला. भिकाजी तेवढा हसला नाही. त्यानं सर्वेशला दोन चहा सांगितले.

सकाळी पोदेराचा भोंपू दारात वाजला. बातमी पावाच्या आधी घरोघर पोचली होती. "काय गोकुळदासानूं, पावाक मीठ पुरे आसा मरे?" म्हणून तो खिदळला.

गोकुळदास काही बोलणार तोच देवकी भांडं घेऊन फाटकापाशी आली.

"मीठ मी घातलं," ती म्हणाली, दुकानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "त्यांना हसू नकोस. ते माझ्यासाठी खोटं बोलले. जा, सांग सगळ्यांना."

पोदेराचं हसू मावळलं. त्यानं पाव मोजून दिले. "आणि झाड?"

"मेलं," देवकी म्हणाली. "पुढच्या थंडीत आम्ही दुसरं लावणार आहोत."