मी कंपनीचा नव्हे

मी मोटरसायकलचा ऑइल फिल्टर बोलतोय. मुठीत मावेन एवढाच आहे. गाडी धुताना कुणी मला पुसत नाही आणि गाडीचं कौतुक करताना कुणाला माझी आठवण येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म कंपनीतच झाला. तिथं यंत्रं होती, तपासनीस होता, भिंतीवर सूचनांचा फलक होता, सगळं रीतसर. तरी बाजारात मला कुणी ‘कंपनीचा’ म्हणत नाही. कंपनीचा म्हणजे जिनं गाडी बनवली तिच्या खोक्यातला. बाकीचे आम्ही ‘बाहेरचे’ आणि माणूस चिडला की ‘डुप्लिकेट’. माझ्या खोक्यावर माझ्याच कारखान्याचं नाव आहे, मी कुणाची नक्कल केलेली नाही. पण हे सांगणार कुणाला?

माझी रचना साधी आहे. घड्या घातलेला कागद गोल वळवलेला आणि दोन्ही टोकांना पत्र्याची चकती. एका चकतीला भोक, दुसरी बंद. कागदातून गाळलेलं तेल भोकातून इंजिनाकडे जातं. कंपनीच्या फिल्टरला बंद चकतीवर ‘ही बाजू बाहेर’ असं ठळक छापलेलं असतं. माझी चकती कोरी. कागद आमचा चांगला, पण त्या तीन शब्दांचा कंटाळा आमच्या लोकांनी का केला, देव जाणे.

मी एका सुट्या भागांच्या दुकानात आलो. दुकानदार स्वभावानं गप्प. शेजारच्या फळीवरच्या जुन्या ब्रेक केबलनं मला त्याची हकिकत सांगितली. त्याची धाकटी बहीण एका मिस्त्रीला दिलेली. मेहुणे-मेहुणे जिवलग मित्र, चहासुद्धा एकाच कपातून बशीत ओतून प्यायचे. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीनं एका गिऱ्हाइकाच्या गाडीत इथलाच बाहेरचा फिल्टर बसवला आणि गाडी चार किलोमीटरवर जाम झाली. इंजिन गेलं. मिस्त्रीनं फिल्टर उपसून रागानं गटारात भिरकावला, या दुकानासमोर आला आणि भर बाजारात ओरडला, “हा माणूस डुप्लिकेट माल विकतो!” त्या दिवसापासून बोलणं बंद. येणं-जाणं बंद. मधल्यामधे बहिणीचं माहेर तुटलं.

ती बहीण नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांच्या घरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बदलते. मोटरसायकलशिवाय तिचं पान हलत नाही. गाडीची सर्व्हिसिंग रखडली होती, कारण कंपनीचा फिल्टर तीन आठवडे कुठंच मिळत नव्हता. एका सकाळी ती दुकानात येऊन उभी राहिली.

“दादा, फिल्टर दे.”

दादानं मला काउंटरवर ठेवलं. “तो बसवेल?”

“बसवतील. नाहीतर मी बसवेन.”

गॅरेजात मला बघून मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “हा कुठून आणलास?”

“माझ्या भावाकडून.”

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का? हा इंजिन खाईल!”

“खाल्लं तर माझ्या गाडीचं खाईल. आणि अहो, नाही खाल्लं तर तुम्ही काय करणार, तेही आत्ताच ठरवून ठेवा.”

मिस्त्री पुटपुटत कामाला लागला. जुना फिल्टर काढला, ट्रेमध्ये टाकला, मला उचलून आत ढकललं, झाकण आवळलं, तेल ओतलं. दोन वर्षांपूर्वीच्या धड्यानंतर त्यानं एक सवय लावून घेतली होती. इंजिन क्षणभर चालू करायचं, वरचा छोटा बोल्ट सैल करायचा आणि तेल चढतंय का बघायचं. त्यानं बघितलं. थेंबही नाही. त्यानं झटकन इंजिन बंद केलं.

“बघ! सांगत होतो ना? डुप्लिकेट!”

ट्रेमधला जुना फिल्टर उचलून तिनं फडक्यानं पुसला. काळ्या तेलाखालून अक्षरं वर आली.

“यावर ‘ही बाजू बाहेर’ लिहिलंय. नव्यावर काय लिहिलंय?”

“काही नाही.”

“मग तुम्ही कुठली बाजू बाहेर ठेवलीत?”

मिस्त्रीचा हात ज्या जुन्या गाड्यांवर बसला होता, त्यांत भोक बाहेर असायचं. अक्षरं असली की तो वाचून बसवायचा. नसली की हात आपल्या वळणावर जायचा. त्यानं झाकण उघडलं. माझं भोक बाहेर होतं, झाकणाला टेकून बंद झालेलं. मला सुलटा करून त्यानं पुन्हा बसवलं, इंजिन चालू केलं आणि बोल्टाशी तेल भराभर आलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

तो मात्र जमिनीवर बसला. “म्हणजे तेव्हाही...”

“मला काय माहीत? तुम्ही तो न बघताच फेकलात.”

नंतर दोघं माझ्या गाडीवरून दुकानात गेले. मी इंजिनात होतो, म्हणून फक्त ऐकू आलं.

“तो फिल्टर मी उलटा बसवला होता,” मिस्त्री म्हणाला. “चूक माझी होती.”

गाडी अजून चालूच होती. मग दुकानदाराचा आवाज आला. “तेव्हा बाजारात ओरडून सांगितलंस. आता कानात का सांगतोस? गाडी बंद कर आणि बोल.”

गाडी बंद झाली. आणि मिस्त्री ओरडला, अगदी घसा फाटेपर्यंत. बहीण रडत होती. समोरच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, काय झालं? त्यालाही त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तीन हजार किलोमीटर मी तेल गाळलं. काल मला काढलं. आता मी वापरलेल्या तेलाच्या पिंपाशेजारी निथळत पडलोय, कागद काळाकुट्ट. माझ्या जागी कंपनीचा आलाय की बाहेरचा, ते मला दिसलं नाही. तुम्ही कुठलाही घ्या, माझा आग्रह नाही. फक्त आम्हाला फेकण्याआधी एकदा बघत जा.