हवेवर उभी गाडी

ओडेसा प्रुइटने पर्समधून लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि मागच्या दाराच्या खालच्या काठाला लावलं. चिकटलं. थोडं पुढे सरकवलं. तिथेही चिकटलं. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारलेला असता तर ते गळून पडलं असतं.

"हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर एकदाही नेलेली नाही, गंज कुठून येणार?" पोर्चवरून मिस्टर हॉलिन्स म्हणाले. "बर्फ पडायच्या आत झाकून ठेवायचो. बायको म्हणायची, मला कधी एवढं पांघरूण घातलं नाहीत."

ओडेसा हसली. चुंबक थांबलं नाही.

गाडी वीस वर्षांची, आठ सिलिंडरची, मरून रंगाची. सॅगिनॉ शहरातल्या त्या अरुंद ड्राइव्हवेत तिचं नाक गॅरेजच्या दाराला आणि शेपूट फुटपाथला टेकायचं. ओडेसा आताच तिच्यातून फेरी मारून आली होती. किल्ली अजून तिच्याच हातात होती.

मागचं चाक आणि त्यावरची कमान यांच्यामधली फट: चार बोटं.

हॉलिन्सची मुलगी वर्नेटा जाळीच्या दारात उभी होती. तिची नजर त्या चार बोटांवर होती. या गाडीला मागे स्प्रिंगा नव्हत्या. हवा भरलेल्या रबराच्या दोन पिशव्या होत्या, आणि त्या विरल्या होत्या. इंजिन चालू असेतो पंप लागेल तेवढी हवा भरी आणि गाडी ऐटीत उभी दिसे. इंजिन बंद केलं की हवा हळूहळू निघून जाई. तासाभरात गाडी मागे बसे.

हे वर्नेटाला माहीत होतं. बोलायची मुभा नव्हती.

बापलेकीत ठरलं होतं ते असं: गाडी विकायची, पण खोट स्वतःहून शोधून काढेल त्यालाच. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीपर्यंत तसं कुणी भेटलं नाही, तर किल्ली परत डॅडींकडे.

लेबर डे उद्या होता.

जुलैत लायब्ररीसमोरच्या क्रॉसिंगवर एका बाईने डॅडींच्या गाडीपुढून आपली बाबागाडी ऐन वेळी मागे ओढली होती. ती घरी येऊन वर्नेटाला सांगून गेली, आवाज न चढवता. त्या दिवशी वर्नेटाने किल्ली काढून घेतली. डॅडी म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं होतं. डोळे तपासायला चला म्हटलं की त्यांना गुडघा दुखल्याचं आठवायचं.

आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं आली. फेरी मारून खूश झाली, आणि डॅडींनी त्यांना वाटेला लावलं.

"जो बघत नाही तो सांभाळणार काय?"

तीन बोटं.

"बसा की, मिसेस प्रुइट. नेटा, कॉबलर आण."

वर्नेटाने बशांतून पीचचा कॉबलर, फळांवर कणकेचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ, आणि पाण्याचे पेले आणले आणि पाहुणीची खुर्ची जरा फिरवली. आता समोर थेट मागचं चाक.

"नेटा, बाईंना सावलीत बसू दे."

"तिथे वारा आहे, डॅडी."

"वारा आहे म्हणे. आज पानही हलत नाहीये."

ओडेसाने दोघांकडे पाहिलं आणि खुर्ची होती तिथेच राहू दिली.

"मी ज्यांची ने-आण करते त्या म्हाताऱ्यांसाठी मला ही हवी," ती म्हणाली. "हॉस्पिटल, चर्च, न्हावी. हल्लीच्या गाड्यांत त्यांना वाकून शिरता येत नाही. हिचं दार कसं खोलीच्या दारासारखं उघडतं."

"पेट्रोल पिते हं."

"माझा पहिला नवराही प्यायचा. पेट्रोल नव्हे, एवढंच."

मिस्टर हॉलिन्स खो खो हसले. हसता हसता त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. बोटं टेबलाच्या काठावर लागली, काठाकाठाने गेली, मग पेला सापडला.

ओडेसाचा चमचा क्षणभर थांबला.

दोन.

गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, पाण्याचा पंप कुणी बसवला, ओडेसा एकेक विचारत होती आणि मिस्टर हॉलिन्स एकेक सांगत होते. चाकाबद्दल ती विचारत नव्हती, ते सांगत नव्हते. वर्नेटाने रिकाम्या बशा उचलल्या आणि त्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

एक.

मग तेही नाही. टायरचा वरचा काठ कमानीच्या आत गेला. थकलेला कुत्रा मागच्या पायांवर बसतो तशी ती लांबलचक गाडी बसली होती. मागचा बंपर जमिनीकडे, पुढचे दिवे आकाशाकडे.

ओडेसाने रुमालाने ओठ टिपले.

"मिस्टर हॉलिन्स, माझी एक सवय आहे. गाडीची खोट मी मालकाच्या तोंडून ऐकते. मगच घेते. आहे काही?"

"माझीही एक सवय आहे. मी ती गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकतो." ते आरामात रेलले. "तुम्हाला दिसतेय का काही?"

"तुम्हाला?"

"मला काय दिसायचंय?" त्यांनी थेट गाडीकडे तोंड केलं. "ही काय, उभी आहे समोर. नवी होती तशी."

वर्नेटाने मागे बसलेल्या गाडीकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

ओडेसाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे, बराच वेळ. त्यावर लबाडी नव्हती. होती ती ऐट.

"मग नाही जमायचं," मिस्टर हॉलिन्स म्हणाले. आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. "तुमच्याबद्दल राग नाही हं. पण अट म्हणजे अट. नेटा, किल्ली."

"डॅडी..."

"किल्ली, नेटा."

ओडेसा उठली.

"देते. एकदा शेवटचं इंजिन ऐकते, मग देते."

ती पायऱ्या उतरली. मिस्टर हॉलिन्सच्या उंचीला लावलेल्या सीटच्या कडेवर कशीबशी टेकली. तिचे पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचत होते. तिने चारही काचा खाली केल्या आणि किल्ली फिरवली.

इंजिन लागलं. त्याच्या खालून पंप गुणगुणू लागला.

गाडी सरळ असली तर पंप लगेच गप्प होतो. मिस्टर हॉलिन्सनी मान किंचित कलती केली आणि वाट पाहिली.

पंप गुणगुणत राहिला.

खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरलेलं त्यांचं बोट थांबलं. शेजारच्या अंगणात कुणी झाडाला पाणी घालायला लागलं, घालून आत गेलं. पंप चालूच होता. गाडीची मागची बाजू जमिनीतून उगवावी तशी वर येत होती, आणि वर्नेटा गाडीकडे पाहत नव्हती, वडिलांकडे पाहत होती.

शेवटी गुणगुण थांबली.

"कितीपर्यंत बसली होती?"

"पूर्ण, डॅडी."

"तुला दिसत होती?"

"हो."

"आणि बाईंना?"

वर्नेटाने गाडीत बसलेल्या ओडेसाकडे पाहिलं.

त्यांनी वाकून डाव्या बुटाची नाडी सोडली. वर्नेटाला वाटलं, पाय दुखतोय. बूट काढून त्यांनी हातावर उलटा केला. चपटी, पावलाच्या घामाने काळपटलेली गाडीची दुसरी किल्ली तळहातावर पडली.

"एका किल्लीवर गाडी विकत नाहीत," ते म्हणाले. "जा, दे त्यांना."

वर्नेटाने बशा खाली ठेवल्या. किल्ली ऊन होती. ती मुठीत धरून तिने ड्राइव्हवे ओलांडला आणि खिडकीतून आत दिली. ओडेसाने काही न विचारता घेतली.

मग ओडेसाने सीटच्या बाजूचं बटण दाबलं. बारीक घरघर करत सीट पुढे सरकली, थांबली, अजून थोडी पुढे सरकली. मिस्टर हॉलिन्स बुटाची नाडी बांधत होते. घरघर थांबेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.