नसलेल्या काविळीची माळ

तनुजाला कावीळ झाली ती धर्माबादेत, मिरची कांडपाच्या गिरणीत, दुपारी साडेबाराला, तिच्या बापाच्या तोंडून. ती तेव्हा तिथं नव्हतीच. ती लातूरला माझ्या घरी, शिलाई मशीनला टेकून बसली होती आणि मोबाइलवर आलेला मेल तिसऱ्यांदा वाचत होती.

मेल बेंगळुरूच्या एका विद्यापीठाचा होता. पाच वर्षांचा विज्ञानाचा कोर्स. डिसेंबरात तिनं त्यांची परीक्षा दिली, आमच्या अख्ख्या भागातून ती एकटी निवडली गेली आणि पत्र आलं: जागा तुमची, फक्त बारावीला साठ टक्के हवेत. साठ! लातुरात साठ टक्क्यांचे पेढे कुणी वाटत नाही, लपवतात. ती अट वाचून आम्ही हसलो. तिचा बाप बजरंग, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तिची आई दीपमाला आणि मी. हसण्यात मी पुढं होते.

मे महिन्यात निकाल लागला. सत्तावन्न टक्के. सोळा मार्क कमी. मेलमध्ये लिहिलं होतं, अट पूर्ण न झाल्यामुळे प्रवेश रद्द.

आता हे कसं झालं ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण दोन वर्षं पोरगी माझ्याच घरात शिकायला होती. पत्र आलं आणि सत्कार सुरू झाले. आज धर्माबादला व्यापारी मंडळ, पुढच्या रविवारी देगलूरला मामाच्या गावात. शाल, नारळ, फोटो. सोमवारी दुपारी बसनं परत यायची ती झोपायची. उठली की गच्चीवर शेजारच्या पोरींबरोबर कॅरम. मी काही बोलले की म्हणायची, "आत्या, झालंय आता." आणि मला ते खरं वाटायचं. बजरंगचा फोन यायचा, "अक्का, अभ्यास करून राहिली ना?" डोक्यावर सोंगट्या टकटक वाजत असायच्या आणि मी म्हणायची, "हाव, करून राहिली की."

तर गिरणीत कुणीतरी विचारलं, पोरगी बेंगळुरूला कधी निघाली? बजरंगच्या तोंडून निघून गेलं, "कशाची निघती, परीक्षेत कावीळ झालती तिला. अजून अंगात हाय."

मग मला फोन. "अक्का, तिला घेऊन ये. आन जरा आजारी दिसू दे."

नांदेडला बस बदलली तेव्हा मी तनुजाला हे सांगितलं. ती म्हणाली, "परीक्षेत कोणत्या पेपरला झालती म्हणे मला?"

घरी पोचलो तर उसाच्या रसाचे दोन डबे आधीच येऊन बसलेले. ज्या घरात हवेतसुद्धा मिरची असते, त्या घरात पोरीला बिनमिठाचा भात. दीपमाला ताट पुढं ठेवायची आणि पोरीकडं न बघता चुलीकडं वळायची. येणाऱ्या बायका डोळ्याची पापणी खाली ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, हाय की पिवळसर. कौतुकानं म्हणायच्या, बिचारीनं तशात पेपर दिले.

तिसऱ्या दिवशी धोंडाबाई आली. पंचक्रोशीत काविळीची माळ तीच घालते. एका झुडपाच्या काडीचे बोटभर तुकडे पांढऱ्या दोऱ्यात सैल गाठींनी ओवायचे आणि मुकुटासारखी ती माळ डोक्यावर बसवायची. मग रोज माळ वाढते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून कमरेवर. माळ उतरली की कावीळ उतरली. तनुजा तिच्या बोटांकडं एकटक बघत होती. "धोंडाकाकू, गाठ अशी सैलच का?" म्हणाली. "उरलेल्या काड्या मला देता?"

मला वाटलं, पोरीला चाळा हवाय.

माळ घातल्याच्या पाचव्या दिवशी ती कमरेवर आली. बजरंग गिरणी सोडून घरी बघायला आला. "बघ अक्का," मला म्हणाला, "उतरली ना? म्हंजे होतीच." मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो माझी चेष्टा करत नव्हता. त्याचं खोटं आता त्याला स्वतःलाच पटलं होतं, आणि तेही पुराव्यासकट.

त्याच सकाळी आप्पासाहेब आले. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, जानेवारीतली मोठी शाल यांचीच. त्यांनी विद्यापीठाला फोन लावून माहिती काढली होती: आजारपणाचा दाखला जोडून दहा दिवसांत अर्ज केला तर फेरविचार होतो. दाखला त्यांनी ओळखीतून आणलाही होता. त्यांनी तो ओसरीवर सतरंजीवर ठेवला. फेब्रुवारी आणि मार्च, तीव्र कावीळ. सही, शिक्का, तारीख. "पोरीनं फक्त अर्जाखाली सही करायची. जागा वापस."

धोंडाबाई माळ बघायला आलेली होती, शेजारच्या दोघी होत्या. सगळ्यांची तोंडं उजळली. माझंही. लपवत नाही, त्या घटकेला मला ती सही हवी होती. एका कागदावर पोरीची पाच वर्षं परत येत होती, आणि माझ्या फोनवरच्या 'हाव'चाही हिशेब कुणी मागणार नव्हतं.

तनुजानं दाखला नीट वाचला. मग उठली. "आप्पासाहेब, जरा मागं येता? तुम्हीपण या, बाबा."

त्यांच्यामागं आम्ही सगळ्याच गेलो. मागच्या दारात पाण्याचा रांजण आहे. त्याच्या बुडाशी माळ पडली होती.

"धोंडाकाकूनं मला माळ घातली त्याच दिवशी ही मी ओवली," तनुजा म्हणाली. "रांजणाच्या तोंडाला घट्ट बसवलती. आज पोटावरून खाली आली."

"म्हंजे?" आप्पासाहेब म्हणाले.

"म्हंजे एकतर रांजणालाबी कावीळ होती, न्हाईतर मला नव्हती."

शेजारणींपैकी एक हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. माझी नजर धोंडाबाईवर. म्हातारीचा चारचौघांत अपमान झाला असं मला वाटलं. तिनं खाली वाकून माळ उचलली, दोरा बोटात फिरवला.

"गाठ चांगली मारलीस," म्हणाली. "काडी वाळली की माळ उतरतीच, बाई. मला काय ठाव न्हाई व्हय? पर ती उतरंस्तवर मानूस तेलकट खात न्हाई, उन्हात हिंडत न्हाई. पथ्यासाठी हाय माळ." मग बजरंगकडं वळली. "तू मला खोट्या दुखण्याला बोलावलास. ह्ये बरं केलं न्हाईस."

बजरंगचा चेहरा पडला आणि मग चढला. "सोळा मार्कापायी चाललेला जन्म थांबवती का? कर सही."

"सोळा मार्क काविळीनं न्हाई खाल्ले, बाबा. मी खाल्ले. झोपले, कॅरम खेळले, सत्काराला गेले. आप्पासाहेब, तुमच्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी फिजिक्सची सराव परीक्षा होती. मी गेलेच न्हाई."

"म्हंजे दोष आमचा?"

"न्हाई. मला शाल आवडायची."

मग तिनं हातातला दाखला वर धरला. "ह्या कागदावर तिथं गेले आन पहिल्या दिवशी कुणी विचारलं, बरी झालीस का, तर पाच वर्षं पिवळं राहावं लागंल मला."

"आन लोकांला मी काय सांगू?"

"माझ्याकडं धाडा. मी सांगते."

बजरंग माझ्याकडं वळला. "अक्का, तू तरी बोल. तूच म्हणायचीस, अभ्यास करून राहिली."

"खोटं बोलायची मी," मी म्हणाले. "वर कॅरम चालू असायचा. बोर्डावरची पावडर मीच आणून द्यायची."

तो माझ्या डोळ्यांत असा बघत राहिला, जणू आता माझीच पापणी ओढून बघणार होता.

तनुजानं दाखला घडी करून दोन्ही हातांनी आप्पासाहेबांना परत दिला. "पोरगी लई फाजील निघाली," ते म्हणाले. चहा मात्र पिऊन गेले.

मग ओसरीवर बसून तिनं विद्यापीठाला मेल लिहिला. इंग्रजीत. पाठवायच्या आधी मला मराठीत सांगितला. मी आजारी नव्हते. मी अभ्यास केला नाही. तुमची अट बरोबर होती. यंदा बारावी श्रेणीसुधारला बसते आणि डिसेंबरात तुमची परीक्षा पुन्हा देते. जागा राखून ठेवा असं म्हणत नाही. मी येणार आहे, एवढं कळवते.

"शेवटचं जरा उर्मट वाटतंय," मी म्हणाले.

"वाटू दे."

पाठवला. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही, आणि ती वाटही बघत नाही.

दुपारी तिनं कमरेवरची माळ काढून खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाली, "ठेचा कर." आठवडाभर तोंड मिटून बसलेली दीपमाला लगेच उठली. बिनमिठाचा भात तिनं गाईला घातला. तव्यावर मिरच्या तडतडल्या तसा बजरंग ठसकत ओसरीच्या टोकाला जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून. गिरणीवर काही गेला नाही.

तनुजानं ज्वारीची भाकरी मोडली. सात दिवसांचं पथ्य, त्यावर धर्माबादची मिरची. दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून धारा. पाणी घेईना. तेवढ्यात दारात वरच्या आळीची सुलतानबी, हातात रसाचा डबा. गिरणीवर मसाला कांडायला येणारी जुनी बाई.

"कैसी हाय बजरंगभाऊ, पोरीची कावीळ?"

त्यानं तोंड उघडायच्या आत तनुजाच बोलली, घास तोंडात धरून. "नव्हतीच, खाला. अभ्यास केला नाही मी. साठ पाहिजे होते, सत्तावन्न पडले. जागा गेली. बसा, भाकरी खाता?"

सुलतानबी तिच्याकडं बघत राहिली, मग बजरंगकडं. आम्ही सगळ्याच त्याच्याकडं बघत होतो. एक शब्द पुरला असता त्याला. तापात बडबडती म्हणाला असता तरी चाललं असतं.

तो उठला. डबा तिच्या हातातून घेतला, गिलासात रस ओतला आणि पोरीच्या ताटाशी आणून ठेवला.

"तिखट लई झालंय," सुलतानबीला म्हणाला. "लागंल तिला."

तनुजानं गिलास माझ्याकडं सरकवला आणि दुसरी भाकरी मोडली.