फोन लागेपर्यंत

सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळताना टीव्हीवर पाहिले, तेव्हापासून कोथरूडच्या शरच्चंद्र पेंडश्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. हॉल, गॅलरी, पुन्हा हॉल. मध्येच सौमित्रचा नंबर फिरवायचे, की रेकॉर्डवरची तीच बाई इंग्रजीत सांगायची, सगळ्या लाइन व्यस्त आहेत. हा त्यांचा मुलगा सॉफ्टवेअर कंपनीतर्फे त्यातल्याच एका मनोऱ्यात कामाला होता. उजाडलं तरी फोन लागला नव्हता.

"सत्यशीलाबाईंकडे जाऊ या," त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या. "मंडळाचे सगळे तिथे जमलेत."

शरच्चंद्रांनी तोंड फिरवलं. समोरच्या बिल्डिंगमधल्या या निवृत्त शिक्षिकेने अमेरिकेतल्या मुलांच्या आईबापांचं मंडळ काढलं, तेव्हा "फुशारक्या मारायला घर पुरत नाही वाटतं?" असं हेच गृहस्थ जिन्यात सगळ्यांदेखत बोलले होते. आता कोणत्या तोंडाने जायचं?

"तुम्ही बसा तोऱ्यात. मी निघाले." आनंदीबाईंनी चपला घातल्या. मग हेही निमूट मागे गेले.

सत्यशीलाबाई फोनपाशी होत्या. त्यांनी टोमणा मारला असता तर शरच्चंद्रांना बरं वाटलं असतं. "सौमित्रचा नंबर, ऑफिसचं नाव सांगा," एवढंच त्या म्हणाल्या. शिकागो, डॅलस, जिथे फोन लागेल तिथल्या कुणाच्या तरी मुलाला त्या शोधाला जुंपत होत्या. कुणी चहा टाकला, कुणी बळेच पोहे पुढे केले. शरच्चंद्रांना बसवत नव्हतं. दारापर्यंत जायचे, परत यायचे. "काळजी करू नका" असं तिथे कुणीच म्हणालं नाही, आणि त्याचाच त्यांना आधार वाटला.

दुपारी शिकागोहून फोन आला. सौमित्र सुखरूप होता. घरून निघायलाच त्याला उशीर झाला होता. आनंदीबाई हमसून रडल्या. शरच्चंद्र देवापुढे साखर ठेवायला घाईने निघाले आणि दारात थबकले. शिष्टाचार म्हणून विचारलं, "बाई, तुमची मुलगी कुठे असते?"

ती कुठे असते हे खोलीतल्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. आजवर विचारलं नव्हतं ते फक्त त्यांनी.

"आम्रपाली? त्याच इमारतीत. वरच्या मजल्यावर." बाईंनी पुढचा नंबर फिरवायला घेतला. तोही दुसऱ्याच कुणाच्या मुलाचा.

शरच्चंद्र परत आले. खुर्ची ओढून बसले आणि बाईंच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"दुसऱ्यांचे पुरे झाले. आधी आम्रपालीचा नंबर सांगा."