पिवळ्या वायरीचा मान

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे आणि माझ्या शेजाऱ्याचे कौतुक मला अजिबात सहन होत नाही. आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे माझ्या बोलण्यात कडवटपणा आला, तर तुम्ही दचकायला नको.

माझा मुक्काम नाशिकला, पंचवटीत, महेशच्या व्हिडिओच्या दुकानात, एका करड्या संगणकाच्या पोटात आहे. तुम्ही मोबाइलवर वाढलेली मुले, तेव्हा माझी ओळख करून द्यायला हवी. संगणकाच्या पडद्यावर चित्र दाखवणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. ते तर कोणीही करते. माझ्या पाठीला मात्र एक जास्तीचे भोक आहे, पिवळे. व्हीसीआरमध्ये लग्नाची कॅसेट घालायची, त्याची पिवळी वायर माझ्या भोकात खोचायची, की कॅसेटवरचे चित्र माझ्यातून संगणकात उतरायचे. मग महेश त्याची सीडी बनवायचा. आमच्या गल्लीत असे कार्ड दुसऱ्या कोणाकडे नव्हते. मला मुंबईहून आणले, त्या दिवशी महेशने संगणकाला झेंडूचा हार घालून नारळ फोडला होता.

आता शेजाऱ्याविषयी. माझ्या बाजूच्या खाचेत एक साउंड कार्ड बसते. माझ्या निम्म्याने लहान, अंगावर साधा पंखासुद्धा नाही. व्हीसीआरच्या लाल आणि पांढऱ्या वायरी त्याच्याकडे जायच्या. चित्र मी घ्यायचो, आवाज तो घ्यायचा. बाकी त्याला काही येत नाही.

तीन तासांचे लग्न उतरवायला तीन तासच लागत. तेवढा वेळ माउसला कोणी हात लावायचा नाही. लावला की चित्र उडी मारायचे. महेश हाताची घडी घालून बसून राही. मध्येच वीज गेली, की सगळे वऱ्हाड पुन्हा हळदीपासून सुरू! तरी मी कधी कुरकुर केली नाही. सीडी न्यायला आलेले लोक म्हणायचे, "काय क्लिअर आलंय हो! मावशीच्या नथीतला मोती न् मोती दिसतोय." ते ऐकून माझा पंखा दुप्पट वेगाने फिरायचा.

आवाजाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नसे. काढणार कसे? त्या काळी लग्नाच्या सीडीवर सिनेमाची गाणी घालायची रीत होती. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला एक रडके. येईल ते गिऱ्हाईक सांगायचे, "मांडवातली कलकल काढा आणि चांगली गाणी टाका." शेजाऱ्याने तीन तास बसून घेतलेला आवाज महेश एका बटणासरशी पुसून टाकायचा. मला काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

पुढे कॅसेटी संपल्या. महेशने नवा संगणक घेतला. कधीमधी कोणी जुनी कॅसेट घेऊन आलेच, तर त्यासाठी संगणकाला बाहेरून खोचायची, अंगठ्याएवढी एक काडी आणली. चित्र आणि आवाज, दोन्ही ती एकटीच घ्यायची. तिला पाहून माझा नुसता जळफळाट झाला. आमची करडी पेटी टेबलाखाली गेली आणि महेश तिच्यावर पाय ठेवून बसू लागला.

अशातच गेल्या महिन्यात सायखेड्याहून मोतीरामअण्णा आणि त्यांची मुलगी दीपमाला दुकानात आली. अण्णांना आता काहीच ऐकू येत नाही. दीपमालाने पिशवीतून एक कॅसेट काढून महेशपुढे ठेवली.

"काका, यात माझ्या आईचा आवाज आहे," ती म्हणाली. "मी दोन वर्षांची असताना आई गेली. तिचा आवाज मला आठवतच नाही. आत्याच्या लग्नात ती हळद दळताना गायलीये. तुम्ही बनवलेल्या सीडीत ती दिसते, ओठ हलतात, पण वर गाणं पिक्चरचं."

महेशने मान खाली घातली. "तेव्हा सगळे तसंच सांगायचे, ताई."

अण्णांना ऐकू आले नाही, पण विषय कळला. न ऐकणाऱ्या माणसासारखे ते मोठ्याने म्हणाले, "मीच सांगितलं व्हतं, महेशभाऊ. बायांचं काढा म्हनलो, पिक्चरचं टाका. लय हौस व्हती."

ही एकच कॅसेट उरली होती आणि तिच्या फितीला बुरशी लागली होती. महेशने फीत हलक्या हाताने पुसली आणि काडी जोडली. चित्र जरा फाटले की ती लाडावलेली काडी लगेच बंद पडायची आणि आवाजही थांबायचा. तीनदा तसे झाले. मग महेशने टेबलाखाली वाकून आमची पेटी बाहेर ओढली. मित्रांनो, मी फुलून गेलो. शेवटी माझीच आठवण झाली ना!

पण त्या फितीतून माझ्याकडे नुसते पांढरे ठिपके येत होते. मी जीव तोडून प्रयत्न केला. एकही चेहरा मला धरता आला नाही.

"चित्राचं काही खरं नाही," महेश म्हणाला. "आवाज मात्र ठणठणीत आहे. आवाजच घेऊ." आणि त्याने पिवळी वायर उपसून बाजूला टाकली.

माझ्या डोळ्यांदेखत सगळा मान त्या चिमुरड्या साउंड कार्डाला! दीपमाला स्पीकरला कान लावून बसली. शेजारी शांतपणे आपले काम करत होता. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. तो आत्ता जळून जावा, असे मला वाटले.

जात्याची घरघर आली, बांगड्या वाजल्या, बायका गाऊ लागल्या. एक जण ओळ उचलायची, दुसरी पुढे न्यायची, मग बाकीच्या साथ द्यायच्या. गाणे संपले तेव्हा तो आवाज सुखरूप संगणकात उतरला होता. फीत मात्र त्यानंतर लगेच तुटली.

दीपमालाचा चेहरा उतरला होता. "काका, यातला आईचा कुठला?"

महेशने गाणे पुन्हा एकदा लावून पाहिले. अण्णांना विचारून काय उपयोग, त्यांना तर ऐकू येत नव्हते. पोरीचे डोळे भरलेले पाहून अण्णा घाबरले. तिने स्पीकरकडे बोट दाखवले आणि 'यातली आई कुठली?' अशा अर्थाने दोन्ही हात पसरले. अण्णांनी थोडा विचार केला आणि पिशवीत हात घालून जुनी सीडी काढली.

"ही लावा की. हिच्यात ती दिसती."

ती माझी सीडी होती! त्या लग्नाचे चित्र वीस वर्षांपूर्वी मीच उतरवले होते, फीत चांगली होती तेव्हा. महेशने सिनेमाचे गाणे बंद केले आणि त्या चित्राला आज मिळालेला आवाज जोडायला घेतला. दोन्हींचा मेळ बसेना. मग त्याला चित्रात एका बाईच्या हातून ताट पडताना दिसले. आवाजात ते ताट जिथे खणखणले, तिथे त्याने दोन्ही जुळवून घेतले.

पडद्यावर जाते फिरू लागले. खुंट्याला हात धरून दीपमालाची आई, लंकाबाई, बसली होती. तिचे ओठ हलले आणि स्पीकरमधून जाडसर, घोगरा आवाज आला.

"ही?" दीपमाला म्हणाली. "मी त्या बारीक आवाजाला आई समजत होते!"

आणि तिने डोळे मिटून घेतले. मिटूनच घेतले, मित्रांनो! वीस वर्षे जपलेले माझे चित्र समोर असताना ती नुसती ऐकत बसली. मी आतल्या आत धुमसत होतो, तेवढ्यात माझे लक्ष अण्णांकडे गेले. ते पापणीही न हलवता पडद्याकडे बघत होते. त्यांनी लेकीचा खांदा हलवला.

"घोगरा हाय ना गं?"

तिने डोळे न उघडता मान हलवली आणि त्यांचा हात घट्ट धरला.

त्या दिवशी महेशने नवी सीडी बनवली. तिच्यावर एकही सिनेमाचे गाणे नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी दळताना, कांदे चिरताना गात असेल. ते उतरवून घ्या आणि त्याला कलकल म्हणून पुसू नका. तुमच्या जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून झटका. आमच्या दुकानात आलात, तर माझ्या शेजाऱ्यालाही जरूर पुसा. फक्त मला आधी पुसा, एवढेच माझे मागणे आहे.